हलकं काम नको, लेखी काम द्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. एरवी मी इथे रस्ते, कचरा, पाणीपट्टी यांवर लिहितो. आज घरातलं लिहितोय, पण विषय घरातला नाही, कचेरीतला आहे. आणि हो, बायकोला विचारून लिहितोय. तिने मसुदा दोन दिवस घेऊन वाचला, समासात खुणा केल्या आणि तीन वाक्यं काढायला लावली. ती काढली आहेत.

मुद्दा आधी सांगतो. अपघातात डोक्याला मार लागला, मेंदूज्वर झाला किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला की काही जणांची स्मरणशक्ती अधू होते. अशी माणसं कामावर परत आली की आपण त्यांना 'सांभाळून घेतो'. सांभाळून घेणं म्हणजे हलकं काम द्यायचं, चूक झाली तर समोर गप्प बसायचं आणि चहाच्या टपरीवर बोलायचं, आणि सहा महिन्यांनी अगदी आपुलकीने 'आता घरी आराम करा' म्हणून सुचवायचं. माझं म्हणणं असं की हे सांभाळून घेणं पुरे झालं. त्याच्या निम्म्या खटाटोपात त्या माणसाला नीट काम करता येईल अशी सोय करता येते. सरकारी कचेरीत तर ती करणं बंधनकारक आहे.

आमची हकीकत थोडक्यात. बायको सरकारी नोकरीत आहे, २२ वर्षं झाली. त्यातली बरीचशी आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तकं, रजेचे हिशेब, वेतननिश्चिती ही तिची कामं. दीड वर्षापूर्वी स्कूटरवरून घरी येताना कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं म्हणून जीव राहिला. ११ दिवस अतिदक्षता विभाग, मग घर, मग रजा. अर्जित संपली, अर्धवेतनी संपत आली, तेव्हा डॉक्टरांनी कामावर रुजू होण्याचं प्रमाणपत्र दिलं. सात महिन्यांनी ती टेबलावर परत गेली.

दिसायला ती ठणठणीत आहे. चालते, बोलते, हसते, पोह्यात मीठ बरोबर पडतं. हीच अडचण आहे. हाताला प्लास्टर असतं तर कोणी तिला टपाल उचलायला सांगितलं नसतं. आठवणीला प्लास्टर घालता येत नाही, त्यामुळे लोकांना दोनच शक्यता दिसतात. एक तर 'बरी झाली', नाहीतर 'डोक्यावर परिणाम झालाय'. मधलं काही नाही.

खरं तर सगळं मधलंच आहे. तिला जुनं जवळपास सगळं आठवतं. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी कोणाची वेतननिश्चिती कुठे अडली होती हे ती आजही सांगेल. रजा नियम तोंडपाठ आहेत. जे टिकत नाही ते आजचं, नवं. सकाळी ११ वाजता कोणी उभ्या उभ्या सांगितलेला निरोप १२ वाजता नसतो. त्यातही खरी गोची अशी की बऱ्याचदा तो निरोप 'विसरलेला' नसतो, तो आत गेलेलाच नसतो. ती एक काम करत असते, कोणीतरी मधेच बोलतं, दुसरा फोन वाजतो, आणि निरोप दारातूनच परत जातो. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये हे फार आढळतं. लक्ष आणि आठवण हे जोडधंदे आहेत, एक लंगडला की दुसरा बसतो. शिवाय थकवा. दुपारी तीननंतर तिचा मेंदू दमतो, म्हणजे अक्षरशः दमतो, आणि तो थकवा झोपून उठल्यावरच जातो.

आता अशा माणसाला 'हलकं काम' म्हणून काय दिलं असेल? आवक-जावक.

ज्यांनी सरकारी कचेरीतलं आवक-जावकचं टेबल पाहिलंय त्यांना कळेल. डोकं कमी लागतं म्हणून ते हलकं समजतात. पण दिवसभरात सर्वात जास्त माणसं त्याच टेबलाशी येतात. 'मॅडम, माझा अर्ज कुठे गेला?' 'ताई, पोच द्या की.' 'ते पंचायत समितीचं पत्र आलं का?' शिपाई टपाल घेऊन उभा, साहेबांचा फोन, मधेच कोणी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन आलेला. दर दोन मिनिटांनी तुटणारं काम. जिची अडचणच अशी की मधे तुटलेलं पुन्हा जोडता येत नाही, तिला बरोबर त्याच टेबलावर नेऊन बसवलं! आणि ज्या कामात नियम छापील आहेत, कागद समोर आहे, एका वेळी एकच सेवापुस्तक उघडायचं आहे, चार तास कोणी बोललं नाही तरी चालतं, ते काम 'तुम्हाला झेपायचं नाही' म्हणून काढून घेतलं.

यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे मी मुद्दाम लिहितो. तिच्या वरिष्ठांना वाटलं आपण भलंच करतोय. पण हलकं आणि जड हे आपण अंगमेहनतीच्या किंवा अकलेच्या मापाने ठरवतो. आठवणीचं माप वेगळं आहे. तिथे हलकं म्हणजे न तुटणारं, लिहिलेलं, ओळखीचं. बुद्धी कमी लागणारं काम तिथे सोपं असेलच असं नाही. हे एवढं एक वाक्य जरी साहेब मंडळींनी ध्यानात घेतलं तरी माझी पोस्ट वसूल.

दुसरी गंमत पाहा. आपली सरकारी कचेरी हे जगातलं सर्वात विसराळू माणसासाठी बनवलेलं यंत्र आहे. माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही, हाच त्याचा पाया. आवक क्रमांक, कार्यविवरण नोंदवही, टिपणी, सहा गठ्ठ्यांची पद्धत, सेवापुस्तकातली प्रत्येक नोंद साक्षांकित. हे सगळं कशासाठी? कारकून बदलला, मेला, विसरला तरी काम अडू नये म्हणून. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत तर असंही आहे की वरिष्ठांच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट करायची तर शक्य तेथे आदेश लेखी घ्यावा, आणि तेव्हा जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. म्हणजे स्मरणशक्ती अधू झालेल्या कर्मचाऱ्याला जी सोय लागते, ती नियमावलीत आधीपासून बसलेली आहे. पण प्रत्यक्षात कचेरी चालते कशावर? 'अहो मॅडम, ते कालचं घ्या ना जरा', 'साहेबांनी सांगितलंय, करून टाका', आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला आलेली व्हॉइस नोट. आम्ही काही जगावेगळं मागत नाही. कचेरीने आपलेच नियम पाळावेत, एवढंच.

मी छापखानेवाला माणूस. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावत्या हा माझा धंदा. म्हणून तिच्यासाठी एक छोटं पॅड छापलं. पोस्टकार्डाएवढं, वर पाच ओळी. काय करायचं, कोणत्या फाईलवर, कधीपर्यंत, कोणी सांगितलं, सही. तिच्या टेबलावर ठेवलं आणि तिने सगळ्यांना सांगितलं, तोंडी काही सांगू नका, यावर लिहून ठेवा. पहिले पंधरा दिवस लोकांना कमीपणा वाटला. 'एवढ्याशा गोष्टीला काय लिहायचं?' एकाने तर थट्टेने 'चहा प्यायला चला' असं लिहून खाली सही केली. तीही चिठ्ठी तिने तारीख टाकून लावून ठेवली आहे. मग हळूहळू लिहायला लागले. आता शेजारच्या टेबलाने दोन पॅड नेली आहेत, स्वतःसाठी. पैसे दिलेले नाहीत, असो.

बाकी साधनं साधी आहेत. एकच डायरी. पाच नाही, एकच. घरात जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या की कोणती खरी तेच कळत नाही. मोबाईलवर ठरावीक वेळेचे गजर, आणि गजराला नाव दिलेलं, कारण नुसता वाजला तर 'हा कशाचा?' हाच प्रश्न. चावी, चष्मा, ओळखपत्र यांची जागा ठरलेली, आणि घरातल्या कोणीही ती हलवायची नाही. यातलं काही महागडं नाही, ॲपही लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबतो, कारण ती नातेवाईक आणि सहकारी दोघेही करतात. परीक्षा घेणं. 'वहिनी, ओळखलं का मला?' 'आठवा बघू, परवा आपण काय बोललो?' लोकांना वाटतं ताण दिला की आठवण बळकट होते, जोर-बैठका काढल्यासारखं. तसं होत नाही. अशा माणसाला नवी गोष्ट शिकवताना अंदाज करायला लावला आणि तो चुकला, तर चुकलेलं उत्तरच पक्कं बसण्याचा धोका असतो. आपण चुकलो होतो हे त्याला आठवत नाही, पण चुकीचं उत्तर ओळखीचं वाटत राहतं. म्हणून शिकवण्याची रीत उलटी असावी लागते. आधी बरोबर उत्तर सांगा, मग तेच करून घ्या, थोड्या वेळाने पुन्हा, मग जास्त वेळाने पुन्हा. ई-ऑफिसचं लॉगिन आणि नस्ती पुढे कशी पाठवायची हे ती असंच शिकली. तिच्या शाखेतल्या एका तरुण मुलीने पायऱ्या कागदावर ओळीने लिहून दिल्या आणि पहिले आठ दिवस शेजारी बसून, चुकू न देता, करून घेतल्या. त्या मुलीला कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तिच्या आजोबांना घरी असंच सांभाळलेलं होतं. शाबासकी द्यावी तर अशांना.

आता रास्त आक्षेप. 'तुमचं ठीक आहे हो, पण लोकांचं काम चुकलं तर? निवृत्त शिक्षकाची पेन्शन अडली तर?' हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी चिडत नाही, मी स्वतः करदाता आहे. उत्तर असं की सेवापुस्तकाचं काम मुळात एका माणसाच्या भरवशावर नसतंच. लिपिकाने केलेलं अधीक्षक पाहतो, अधिकारी सही करतो, वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडे जाते, बिल कोषागारात तपासलं जातं. चार चाळण्या आहेत. त्या चाळण्या नीट चालत नसतील तर तो चांगल्या स्मरणशक्तीच्या लिपिकाचाही प्रश्न आहे. आणि काही कामं तिला देऊ नयेत, हे मी आणि ती दोघंही मान्य करतो. रोख रक्कम नको. कपाटाची एकमेव चावी नको. फोनवर तारखा देणं नको. दुपारी तीननंतर नवं प्रकरण नको. एवढं स्पष्ट ठरवलं की उरलेलं काम ती कोणाच्याही बरोबरीने करते. उगाच 'ती सगळं करू शकते' असं म्हणणंही मला पटत नाही. त्या खोट्या कौतुकाने माणूस तोंडघशी पडतो.

नवरा किंवा बायको म्हणून आपलं काम काय? मला विचाराल तर, दुसऱ्याची आठवण बनून न राहणं. सुरुवातीला तिच्या कचेरीतून मला फोन यायचे. 'भाऊजी, मॅडमनी ती फाईल कुठे ठेवली, जरा विचारता का?' माझं उत्तर एकच, ती तुमच्या समोर बसली आहे, तिलाच विचारा, ती डायरीत बघून सांगेल. तिच्या साहेबांशी तिच्या पाठीमागे बोलणं मी टाळतो. माझ्याशी बोलणं सोपं जातं हे खरं, पण ते एकदा सुरू झालं की तिच्या नोकरीचे निर्णय दोन पुरुष चहा पिताना घेणार. मी करतो ते एवढंच. सकाळी दहा मिनिटं दोघं डायरी उघडतो, आजची पानं तीच वाचते. संध्याकाळी ती आली की अर्धा तास घरात टीव्ही बंद, पाहुणा बंद. रविवारी आठवड्याच्या चिठ्ठ्या लावायला मदत. बाकी स्वयंपाक, बँक, आईची औषधं ही वाटणी आम्ही नव्याने केली. हे सोपं नाही. कधी कधी एकच गोष्ट चौथ्यांदा सांगताना माझा आवाज चढतो, आणि तिला आधीचे तीन वेळा आठवत नसले तरी आवाज चढलेला बरोबर कळतो. बायका नवऱ्यांसाठी हे वर्षानुवर्षं करतात आणि त्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही, हेही खरं.

कायद्याकडे येतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कोणत्याही शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावर टाकता येत नाही. आहे ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही ४७ व्या कलमात हेच होतं. त्याच कलम २० मध्ये शासकीय आस्थापनेने 'वाजवी सोय' पुरवली पाहिजे असंही आहे. म्हणजे रॅम्प आणि लिफ्ट एवढंच नाही. लेखी सूचना, शांत जागा, बदललेली वेळ हीसुद्धा वाजवी सोयच आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, '४० टक्क्यांचा दाखला आणा.' दाखल्याची कथा वेगळीच. तपासणीच्या दिवशी तिला हात वर करायला लावले, चालून दाखवायला सांगितलं, आज वार कोणता विचारलं. सगळं बरोबर. अहो, सकाळी उठल्यापासून तिने तीन वेळा वार डायरीत पाहिला होता! कायद्याच्या परिशिष्टात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्सचं नाव आहे, डोक्याच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही, त्यामुळे गोंधळात भर. पण ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, स्पष्ट सांगितलं की वाजवी सोय मिळायला ४० टक्के असण्याची गरज नाही. हा निकाल आस्थापना शाखांच्या भिंतीवर लावायला हवा. छापून द्यायला मी तयार आहे, फुकट.

कामावर परतण्याचं प्रमाणपत्रही असंच. 'कामासाठी योग्य' किंवा 'अयोग्य'. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टर तिसरा पर्याय लिहू शकतात, अमुक बदल केले तर कामासाठी योग्य. कमी तास, बदललेलं काम, टप्प्याटप्प्याने परतणं. आपल्याकडे त्या कागदावर तशी एक ओळ असती तरी आमची निम्मी वादावादी वाचली असती.

आणि ही ओळ लिहिणार कोण? त्यासाठी व्यवसायोपचार जाणणारी माणसं लागतात, म्हणजे जी रुग्णाला पाहून सांगतील की याला कोणतं काम, किती वेळ, कशा पद्धतीने जमेल. ही विद्या आपल्याला नवी नाही. भारतातली या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाताई निंबकरांनी सुरू केली. आपल्या फलटणमधल्या कमला निंबकर बालभवनाला ज्यांचं नाव आहे त्याच या. इतक्या वर्षांनंतर आपल्या जिल्ह्यात मला असा माणूस शोधायला दोन महिने लागले आणि शेवटी पुण्याला जावं लागलं. राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी असा तज्ज्ञ बसवला तरी किती नोकऱ्या वाचतील याचा विचार त्या विभागाने करावा.

नोकऱ्या म्हटलं, पण हे सगळं सरकारी नोकरीचं झालं. पतसंस्था, शोरूम, एमआयडीसीतला कारखाना, तिथे कलम २० चं हे संरक्षण नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचं धोरण तयार करून जाहीर करायचं असतं, पण मला अजून एकाही ठिकाणी ते लावलेलं दिसलं नाही. माझ्या ओळखीतला एक पोरगा, वय २६, कंत्राटावर होता. अपघातही असाच, त्रासही असाच. त्याला कोणी काढलं नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून बोलावलं नाही. त्याच्या बायकोने विचारायचं कोणाला? आमच्याकडे निदान भांडायला एक कलम आहे.

आमच्याकडे आता सल्ले येताहेत स्वेच्छानिवृत्तीचे. 'वीस वर्षं झालीच आहेत, पेन्शन बसेल, कशाला ओढाताण?' सांगणारे प्रेमाने सांगतात. तिला काम करायचं आहे. सेवापुस्तक उघडलं की तिचा चेहरा बदलतो, तिथे ती जुनी असते, कोणाला काही विचारावं लागत नाही. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही, आणि मसुद्यातून काढू नको असं तिनेच सांगितलं.

तर तिने अर्ज केला आहे. आस्थापना शाखेत परत घ्यावं, सूचना लेखी द्याव्यात, खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल द्यावं, तीननंतर नवीन प्रकरण देऊ नये, आणि सहा महिन्यांनी आढावा घ्यावा. सोबत कलम २० ची प्रत आणि पुण्याच्या तज्ज्ञांचा अहवाल. आपल्या राज्याच्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आज नववा दिवस आहे. पोच मिळाली आहे, आवक क्रमांकही पडला आहे. तिनेच टाकला. उत्तर आलं की इथे कळवतो.